नोटांच्या कागदासाठी शेती करणाऱ्यांचं पुढे काय? रोख खरंच संपणार आहे का?

सदाफुली_२

नमस्कार मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, इथे कागदातले आणि शेतीतले दोन्हीकडचे जाणकार आहेत म्हणून विचारते. जपानच्या येनच्या नोटांचा कागद ज्या झुडपाच्या सालीपासून बनतो ती साल आता बरीचशी नेपाळमधून जाते हे वाचलं आणि चाटच पडले. जपानमध्ये त्याला मित्सुमाता म्हणतात, नेपाळमध्ये त्याच्याच भावकीतलं अर्गेली. हिमालयाच्या उतारांवर रानात वाढणारं झुडूप, लोक कुंपणाला लावायचे नाहीतर सरपण म्हणून जाळायचे, आणि आता त्याच्यासाठी पद्धतशीर लागवड होते, साल सोलून, घासून, वाळवून गठ्ठे बांधून काठमांडू, तिथून कोलकाता आणि मग बोटीने जपान. जुलै २०२४ मध्ये जपानने नव्या नोटा काढल्या (आधीचा मोठा बदल २००४ चा), त्यामुळे तेव्हा या झुडपाचा बराच गाजावाजा झाला होता.

वाचायला छान वाटतं हो, पण मला कळत नाही ते हे की सगळं जग फोन काढून पैसे द्यायला लागलंय आणि अशा वेळी कोणी तीन-तीन वर्षं वाढवायचं पीक नोटांच्या भरवशावर लावत असेल तर तो आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय की नाही? आणि दुसरं म्हणजे नोटेला असला खास पाला-साल कशाला लागते, साधा लाकडाच्या लगद्याचा कागद का चालत नाही? कोणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा, मला घाई नाही.

---

कागदकिडा

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो माझ्या आवडीचा. वहीचा किंवा वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्याचे तंतू आखूड. शिवाय लिहायच्या-छापायच्या बऱ्याच कागदांत स्टार्च असतो. नोट हजारो वेळा दुमडली जाते, घामाने भिजते, कोणीतरी खिशात ठेवून धुवायला टाकतं, तिथे हा कागद चार दिवस टिकणार नाही. म्हणून लांब आणि चिवट तंतू लागतात. खोट्या नोटा ओळखायचं ते पेन असतं ना, त्यात आयोडीन असतं, स्टार्चवर ते काळं पडतं आणि खऱ्या नोटेवर पडत नाही, त्याचं कारण हेच. (हुशार खोटारडा स्टार्च नसलेला कागद वापरतो आणि पेन बिचारं गप्प बसतं, तो भाग वेगळा.)

आता कोणाचा कागद कशाचा. डॉलरची नोट ७५ टक्के कापूस आणि २५ टक्के लिनन, म्हणजे जवसाच्या खोडातून निघणारा धागा. तो कागद १८७९ पासून मॅसॅच्युसेट्समधल्या डाल्टन गावची क्रेन कंपनीच पुरवते. युरो शुद्ध कापसाचा, रुपयाही कापसाचाच. जपानने मेजी काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, मित्सुमाता धरून ठेवलंय, त्यात अबाका मिसळतात. अबाका म्हणजे केळीच्या कुळातलं झाड, फिलिपिन्समध्ये होतं, दिसायला केळच, पण त्याच्या खोडावरच्या सोपटांतून जो धागा निघतो त्याचे पूर्वी जहाजांचे दोर वळायचे, आजकाल चहाच्या पुड्यांच्या (टी-बॅगच्या) कागदात जातो. मित्सुमाताचा तंतू बारीक आणि मऊ, कागदाला किंचित पिवळसर झाक आणि चमक येते, बारीक रेषा सुरेख छापल्या जातात. जपानी नोट हातात घेतली असेल त्याला कळेल.

आणि हे काही नवीन खूळ नाही बरं का, कुबलाईखानाच्या राज्यात तुतीच्या सालीच्या कागदाच्या नोटा चालायच्या, मार्को पोलोने ते पाहून लिहून ठेवलंय. साल आणि पैसा यांची सोयरीक सात-आठशे वर्षांची आहे.

---

उंटावरचा_शहाणा

कागदकिडा साहेब माहिती झकास पण मूळ प्रश्नाला बगल दिलीत. रोख संपतेय, मान्य करा. स्वीडनमध्ये दुकानात दहातला जेमतेम एक व्यवहार रोखीत होतो. बहामाने २०२० मध्ये सरकारी डिजिटल चलन आणलं, नायजेरियाने २०२१ मध्ये. जपानसारखा रोखीला चिकटलेला देश, तिथेसुद्धा कॅशलेस पेमेंटचा वाटा २०२३ मध्ये ३९ टक्क्यांवर गेला आणि २०२४ मध्ये ४० च्या पुढे. मग त्या डोंगरातल्या माणसाने काय समजून झाडं लावायची? पुढच्या वीस वर्षांत जपान परत नोटा बदलेल तेव्हा बदलायला नोटा शिल्लक असतील का?

माझं म्हणणं सरळ आहे, ज्या वस्तूचा वापर कमी होतोय तिच्या कच्च्या मालाची शेती करू नये. टाइपरायटरच्या रिबिनीचा कारखाना आज कोणी काढेल का.

---

हिशेबनीस

उंटावरून जरा खाली उतरा शहाणे. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात घातल्यात. रोखीने किती व्यवहार होतात हे एक, आणि लोकांकडे किती नोटा आहेत हे दुसरं. जपानमध्ये चलनात असलेल्या नोटा १२० लाख कोटी येनच्या आसपास आहेत, आणि त्यातल्या कितीतरी कपाटात पडून आहेत. रुपयाचंही तेच, नोव्हेंबर २०१६ ला चलनात साधारण १७.७ लाख कोटी होते, मधल्या काळात फोनवरून पैसे देणं प्रचंड वाढलं आणि तरीही मार्च २०२४ ला चलनातली रोख ३५ लाख कोटींच्या जवळ. म्हणजे लोक दुकानात रोख देत नाहीत पण घरात ठेवतात. हे बऱ्याच देशांत दिसतं.

पण थांबा, एवढ्यावर खुश होऊ नका, कारण शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी मेख इथेच आहे. साल विकली जाते ती नोटा *छापल्या* तर, नोटा *असल्या* म्हणून नाही. आणि नवी नोट बहुतेक वेळा छापावी लागते ती जुनी फाटते-मळते म्हणून. बँक ऑफ जपानच्या सांगण्यानुसार दहा हजाराची नोट चार-पाच वर्षं टिकते, हजाराची एक-दोन वर्षं, कारण हजाराची सतत हातातून हातात फिरते. आता लोकांनी किरकोळ खरेदीला फोन वापरला आणि मोठ्या नोटा कपाटात रचून ठेवल्या तर काय होईल? चलनातली रक्कम फुगलेली दिसेल आणि छापखान्याची मागणी मात्र घटेल, कारण कपाटातली नोट झिजतच नाही. त्यामुळे "रोख वाढतेय" हा आकडा दाखवून कोणी तुम्हाला झाडं लावायला सांगत असेल तर त्याला विचारा की बाबा छापणी किती होतेय ते सांग.

डिझाइन बदलतं तेव्हा उलट होतं, एकदम सगळ्या नोटा नव्याने छापायच्या, मागणीचा लोंढा येतो, दोन-तीन वर्षांत ओसरतो. आणि हे झुडूप तोडायला यायला तीन वर्षं लागतात! म्हणजे लोंढा बघून लावलं तर तोडणीला येईपर्यंत पूर गेलेला.

आणखी एक गणित. एक डॉलरची नोट साधारण १ ग्रॅम वजनाची, म्हणजे दहा लाख नोटांना एक टन कागद. अमेरिका वर्षाला पाच अब्ज नोटा छापते असं धरा, झाले पाच हजार टन. जगात कापूस होतो दरवर्षी अडीच कोटी टनांच्या आसपास. टक्केवारी काढून बघा, ०.०२ येते. त्यामुळे कापूसवाल्याला नोटा राहिल्या काय नि गेल्या काय, शून्य फरक. मित्सुमाता आणि अबाकावाल्याची गोष्ट निराळी.

---

कागदकिडा

हिशेबनीस यांच्या कापसाच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. नोटांच्या कागदात जो कापूस जातो तो बहुतेक वेळा शेतातून थेट येतच नाही, सूतगिरणीत कोंबिंग करताना जे आखूड तंतू बाजूला पडतात, ज्याला गिरणीवाले कोंबर नॉइल म्हणतात, तोच वापरतात (कापसात आखूड, पण लाकडाच्या लगद्यापेक्षा लांबच). म्हणजे "नोटांसाठी कापसाची शेती" असं वेगळं काही नसतंच, नोट ही कपड्याच्या धंद्याच्या उष्ट्यावर जगते.

क्रेनवाले तर पूर्वी जीन्सच्या कारखान्यातल्या डेनिमच्या चिंध्या घ्यायचे, स्वस्त पडायचं. मग १९९० च्या दशकात लोकांना ताणल्या जाणाऱ्या जीन्स आवडायला लागल्या, डेनिममध्ये स्पँडेक्स घुसलं आणि तो माल नोटांसाठी बाद झाला. फॅशनने नोटेच्या कागदाचा कच्चा माल पळवला, याला म्हणतात नशीब 😄

---

रानवाटा

शेतीच्या बाजूने लिहितो, मी स्वतः हे झुडूप लावलेलं नाही पण सालीच्या आणि धाग्याच्या पिकांवर काम केलंय.

सदाफुलीताई, "पीक" म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे पेरा-काढा येतं तसं हे नाही. मित्सुमाता एकदा लावलं की तिसऱ्या वर्षाच्या सुमारास बुंध्याशी तोडायचं, परत फुटवे येतात, परत दोन-तीन वर्षांनी तोडायचं. सावलीत चालतं, उतारावर चालतं, जिथे धान्य धड येत नाही अशा जागेवर येतं. तेव्हा जमीन अडकली असा फार मोठा प्रश्न नाही. अडकते ती माणसाची मेहनत. हिवाळ्यात तोडायचं, कांड्या मोठ्या भांड्यात वाफवायच्या, गरम असतानाच साल ओढून काढायची, मग वरची काळी साल सुरीने खरवडून आतली पांढरी तेवढी ठेवायची, धुवायची, वाळवायची, प्रत लावायची. ही खरवडणी यंत्राने नीट होत नाही, हातानेच करावी लागते, आणि पाणी तर भरपूर लागतं. थोडी काळी साल राहिली की कागदात ठिपका दिसतो. नोटेच्या कागदात ठिपका म्हणजे माल नापास.

जपानमध्ये शिमाने, ओकायामा, तोकुशिमा या भागात अजून होतं पण तिथे खेड्यात म्हातारी माणसंच उरलीत, खरवडायला बसणार कोण? म्हणून तर ते नेपाळकडे वळले. मला यात गंमत ही वाटते की जपानमधली टंचाई नोटा जास्त लागल्यामुळे आली नाही, माणसं कमी पडल्यामुळे आली. ओसाकाच्या कानपो नावाच्या कंपनीचे लोक १९९० च्या दशकात नेपाळमध्ये विहिरी खोदायला मदत म्हणून गेले होते, तिथे त्यांना हे झुडूप डोंगरभर दिसलं, अशी सुरुवात झाली. २०१५ च्या भूकंपानंतर जपानने तज्ज्ञ पाठवून नोटांच्या दर्जाची साल कशी काढायची ते शिकवलं.

आता कोणी म्हणेल वा, किती छान, पण एका गोष्टीकडे बघा. या दर्जाची साल कोण घेतं? एक गिऱ्हाईक. बाजारात नेली आणि भाव नाही पटला तर दुसऱ्याला विकली असं करता येत नाही. माल नापास झाला, ऑर्डर कमी झाली, चलनाचा दर पडला, काहीही झालं तरी समोर तोच एक दरवाजा. मला रोख संपण्यापेक्षा या गोष्टीची जास्त धास्ती वाटेल. रोख संपायला चाळीस वर्षं लागतील, ऑर्डर पुढच्या हिवाळ्यात कमी होऊ शकते.

---

उंटावरचा_शहाणा

रानवाटा, हे पटलं. पण एकच गिऱ्हाईक असलेला धंदा वाईट हे माझ्याच बाजूचं झालं की!

---

मोगरा_आणि_मी

सगळे फोनच्या मागे लागलात, प्लास्टिकचं नाव कोणीच काढत नाही याचं आश्चर्य वाटलं. नोटांच्या झाडांचा खरा वैरी पॉलिमर आहे. ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये पहिली प्लास्टिकची नोट काढली आणि १९९६ पर्यंत सगळ्याच नोटा तशा केल्या. मग न्यूझीलंड, कॅनडा, ब्रिटनने २०१६ ला पाच पौंडापासून सुरू करून २०२१ ला पन्नास पौंडापर्यंत सगळ्या बदलल्या. यातल्या कुठल्याच देशात तेव्हा रोख संपली नव्हती. रोख होती, नोटा होत्या, कागद मात्र गेला.

आणि याची सगळ्यात ठसठशीत गोष्ट फिलिपिन्सची आहे. जगातला बहुतांश अबाका त्यांच्याकडे होतो, त्यांच्या स्वतःच्या नोटांच्या कागदात ८० टक्के कापूस आणि २० टक्के अबाका असायचा. एप्रिल २०२२ मध्ये त्यांच्या मध्यवर्ती बँकेने हजार पेसोची नोट पॉलिमरची काढली, ती पण ऑस्ट्रेलियातून छापून आणलेली. अबाका उत्पादक चिडले, त्यांच्या बाजूने खासदारांनीही आवाज उठवला, की आपल्याच देशाचा धागा आपल्याच नोटेतून काढता? बँकेचं म्हणणं की प्लास्टिकची नोट कितीतरी पट टिकते, पुसून स्वच्छ करता येते, नकली करायला अवघड. पुढे काय झालं? डिसेंबर २०२४ मध्ये पन्नास, शंभर आणि पाचशेच्या पण पॉलिमरच्या नोटा आल्या. म्हणजे ज्या देशात ते झाड सगळ्यात जास्त आहे तिथेसुद्धा त्याला नोटेतली जागा टिकवता आली नाही.

शेतकऱ्याला यावर काही करता येत नाही हे फार वाईट आहे. नोट कशाची करायची हे ठरवणारे चार लोक एका खोलीत बसतात.

---

हिशेबनीस

मोगरा +१. फक्त एक भर, अबाकाचा बहुतेक माल नोटांत जातच नव्हता. चहाच्या पुड्या, गाळणीचे कागद, विशेष कागद, दोर, हस्तकला हीच मोठी गिऱ्हाइकं. त्यामुळे आघात मानाचा जास्त आणि पोटाचा कमी. कातांदुआनेससारख्या बेटावर अबाकावाल्यांना वादळं आणि झाडाचा तो विषाणूचा रोग हेच मोठे शत्रू.

रानवाटांचा "एकच दरवाजा" हा मुद्दा यासोबत वाचला तर उत्तर मिळतं असं मला वाटतं. ज्या पिकाला नोट सोडून चार घरं आहेत ते तरतं.

---

कागदकिडा

एकच गिऱ्हाईक हा रोग फक्त शेतकऱ्याला नाही, कागदाच्या मिललाही आहे. इंग्लंडमध्ये पोर्टल्स म्हणून मिल होती, बँक ऑफ इंग्लंडला १७२४ पासून नोटांचा कागद पुरवायची. पौंड प्लास्टिकचा झाला, बाहेरच्या ऑर्डरीही पुरल्या नाहीत, २०२२ मध्ये बंद. जवळजवळ तीनशे वर्षं!

स्वित्झर्लंडमध्ये लांडकार्ट नावाची मिल फ्रँकचा कागद बनवते. २०१७ मध्ये तिची एक मोठी परदेशी ऑर्डर अचानक गेली आणि ती बुडायला आली, तेव्हा स्विस मध्यवर्ती बँकेने सरळ ती मिलच विकत घेतली, कारण ती बंद पडली असती तर त्यांना स्वतःच्या नोटा छापता आल्या नसत्या. मिल वाचली कारण ती बँकेला हवी होती. डोंगरातल्या शेतकऱ्याला असं कोण विकत घेऊन वाचवणार?

पण शहाणेंना आनंद होऊ नये म्हणून हेही सांगतो की त्याच स्विस फ्रँकची नवी नोट म्हणजे दोन्ही बाजूंना कापसाचा कागद आणि मध्ये पॉलिमरचा थर. म्हणजे सगळे एकदम प्लास्टिककडे गेले असं नाही. मला स्वतःला ही नोट आवडते, प्लास्टिकच्या नोटेला नुसता सुळसुळीतपणा असतो, घडी राहत नाही, मोजताना बोटातून सटकते.

---

सदाफुली_२

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांना धन्यवाद. मोगरा, फिलिपिन्सचं वाचून जीव हळहळला. मग आता मला असं विचारायचंय, की रोख "संपणार" असं म्हणणाऱ्या देशांचं पुढे काय झालं? म्हणजे शहाणे जे स्वीडनचं सांगतायत ते खरंच शून्यावर जाणार का?

---

मोगरा_आणि_मी

शून्यावर जायची त्यांनाच आता भीती वाटायला लागलीय. स्वीडनमध्ये २०२१ पासून मोठ्या बँकांना रोखीची सेवा देणं कायद्याने भाग आहे, आणि त्यांचीच मध्यवर्ती बँक लोकांना सांगते की अडीअडचणीसाठी घरात थोडी रोख ठेवा. युक्रेनच्या युद्धानंतर त्यांचा सूरच बदलला. नॉर्वेने ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोखीने पैसे द्यायचा ग्राहकाचा हक्क अधिक पक्का केला. आणि एप्रिल २०२५ मध्ये स्पेन-पोर्तुगालमध्ये एका दिवसात वीजच गेली, कार्ड चालेनात, एटीएम बंद, ज्याच्या पाकिटात नोटा होत्या त्याच्याच हातात पाण्याची बाटली आली.

नायजेरियाचं शहाणेंनी अर्धंच सांगितलं. तिथे डिजिटल चलन आलं, पण लोकांनी फारसं घेतलं नाही, आणि २०२३ च्या सुरुवातीला जुन्या नोटा बदलताना नव्या नोटा पुरेशा नव्हत्या तर लोक अक्षरशः हवालदिल झाले, बँकांसमोर दंगे झाले.

---

उंटावरचा_शहाणा

ठीक आहे, शून्य होणार नाही असं धरू. पण "आणीबाणीसाठी कपाटात ठेवलेली नोट" ही हिशेबनीसांच्याच म्हणण्याप्रमाणे झिजत नाही. म्हणजे रोख राहील, छापणी आटेल. शेतकऱ्याच्या ताटात काय वाढलंत तुम्ही?

---

हिशेबनीस

हे मात्र बरोबर बोललात, पहिल्यांदाच 🙂 रोख मरणार नाही, बारीक होत जाईल. आणि बारीक होणाऱ्या धंद्यात आधी पुरवठादारांना कात्री लागते.

---

रानवाटा

मग धाग्याचं मूळ उत्तर देऊन टाकतो. ज्याच्याकडे उतारावर पडीक जागा आहे, घरात हिवाळ्यात रिकामे हात आहेत आणि घेणाऱ्याशी लेखी बोलणं झालंय त्याने लावावं, कारण झुडूप फार काही मागत नाही. फक्त नोटेच्या दर्जावर सगळा डाव लावू नये. मित्सुमाताच्या सालीचा हातकागद बनतो, जपानमध्ये सुलेखन, पुस्तकबांधणी, सोनेरी वर्ख ठेवायचे कागद यासाठी वापरतात. नेपाळमध्ये तर हातकागदाची परंपरा जुनीच आहे, लोकता नावाच्या दुसऱ्या झुडपाची, सरकारी दस्तऐवज त्यावर लिहायचे. नोटेला नापास झालेली साल तिथे जाऊ शकते, भाव कमी मिळेल पण चुलीत जाणार नाही. खरवडायला शिकलेले हात तेच, वाफवायची भांडी तीच.

आणि घेणाऱ्याला तीन गोष्टी आधीच विचारायच्या, नापास मालाचं काय करणार, भाव कुठल्या चलनात ठरणार, आणि तोडणीच्या किती महिने आधी ऑर्डर सांगणार. तिसऱ्याचं उत्तर जो देत नाही त्याच्यासाठी एक कांडीही लावू नये.

---

सदाफुली_२

रानवाटा, हे सोनेरी वर्खाच्या कागदाचं अजून लिहाल का? नवीन धागा काढा हवं तर, इथे शहाणे आणि हिशेबनीस परत भांडायला लागतील.